नव्याण्णव टक्क्यांचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की बुलढाणा, खामगाव, मलकापूर या गावांतून शाळांचे फलक झळकू लागतात. गुणवंतांची छायाचित्रे आणि सर्वांत ठळक अक्षरांत शाळेचा शेकडा निकाल! एखाद्या शेतमजुराच्या मुलीचे छायाचित्र तेथे पाहून कोणाचे मन भरून येणार नाही? तरीही कॅथॉलिक शाळेचे यश नेमके कशाने मोजावे, हा प्रश्न आम्हांस त्या फलकापाशी थांबवतो.

विदर्भातील आपली शिक्षणपरंपरा जुनी आहे. कापसासाठी आगगाडी खामगावला पोहोचली ते साल १८७०. त्याच साली नागपुरात सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा सुरू झाली. पुढे १९५५ साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. बुलढाणा जिल्हा याच धर्मप्रांतात मोडतो. या भागात आपला समाज मूठभर. आपल्या शाळांच्या बाकांवर बसतात ती बहुतांशी इतर धर्मांची मुले. समाजाने विश्वासाने ती आपल्या हाती सोपवली आहेत.

निकाल शंभराजवळ नेण्याच्या वाटा दोन. एक शिकविण्याची, दुसरी गाळण्याची. कच्च्या मुलाला नववीत अडकवावे, पालकांना दाखला नेण्यास सुचवावे, अथवा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून परीक्षेस बसण्याचा सल्ला द्यावा. हा प्रकार महाराष्ट्रात कोणास अपरिचित नाही. असा मुलगा शाळेच्या निकालात धरला जात नाही. फलकावरील आकडा खोटा नसतो, पण तो पुरता खराही नसतो.

कोणी म्हणेल, पाया कच्चा असेल तर एक वर्ष थांबण्यातच मुलाचे हित आहे. हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या वर्षात शाळा त्याला पुन्हा मन लावून शिकवणार असेल तरच. मुलासाठी थांबविणे वेगळे आणि आकड्यासाठी थांबविणे वेगळे. कृती एकच दिसली तरी हेतूने तिचे पुण्य किंवा पाप ठरते.

लूकलिखित शुभवर्तमानातील मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून हरवलेल्या एकाच्या शोधात निघतो. आजच्या हिशेबाने त्याचा निकाल नव्याण्णव टक्के होता! तरी तो समाधान मानून घरी परतला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणविषयक जाहीरनाम्यात कॅथॉलिक शाळांना विनविले ते हेच, की गरिबांकडे, कुटुंबाचा आधार नसलेल्यांकडे आणि श्रद्धेपासून दूर असलेल्यांकडे विशेष लक्ष द्यावे. संविधानाच्या ३० व्या कलमाने आपणांस शाळा चालविण्याचा हक्क दिला. शिक्षणहक्क कायद्यातून २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना वगळले. कायद्याने सूट दिली. शुभवर्तमानाने मात्र दिलेली नाही.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. वार्षिक अहवालात शेकडा निकालाशेजारी आणखी एक आकडा छापावा: पाचवीत आलेल्यांपैकी किती मुले आपल्याच शाळेतून दहावीस बसली? जी बसली नाहीत, ती कोठे गेली? पालकसभेत आपणही टक्केवारीआधी हाच प्रश्न विचारावा. पस्तीस गुणांवर सुटलेल्या मुलाचे छायाचित्र फलकावर लागत नाही. पण त्याच्यामागे एखाद्या शिक्षिकेची किती संध्याकाळची मेहनत आहे, हे त्याच्या आईला ठाऊक असते. आपल्या शाळेचा खरा इतिहास तिला विचारून लिहावा.