पगारी कळवळा

समाजकार्य महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज आणून महिना झाला. बी.एस.डब्ल्यू., तीन वर्षं. अर्ज पत्र्याच्या पेटीवर पडून आहे. तिसरी पाळी करून सकाळी घरी येतो, केसातली रुई झटकतो, अर्जाकडे पाहतो आणि झोपून जातो. नाव, जात, उत्पन्न हे रकाने भरून झाले. ते सोपे असतात. आपण जन्मायच्या आधीच कोणीतरी ते भरून ठेवलेले असतात. हात अडला तो एकाच रकान्यापाशी. ‘हा अभ्यासक्रम का निवडला?’ खाली दोन ओळींची जागा. माझं उत्तर दोन ओळींत मावत नाही, म्हणून इथं लिहितो आहे.

आमची वस्ती नंदनवनातली. नंदनवन म्हणजे इंद्राची बाग, असं पुस्तकात आहे. नाग नदीचा वास पुस्तकात नाही. पावसाळा सरला की वस्तीत समाजकार्याची मुलंमुली येतात. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. एकदा एका पोरीनं मायले विचारलं, “काकू, तुमच्या कुटुंबाच्या मुख्य समस्या कोणत्या?” माय म्हणाली, “नळ राती दोन वाजता येते. तू ये न बाई, दोन गुंड भरून दे. बाकीच्या समस्या मंग सांगतो.” पोरगी हसली. तिनं लिहून घेतलं, ‘पाण्याची समस्या’.

पोरगी वाईट नव्हती. चपला बाहेर काढून आत आली, आमच्या घरचा चहा प्याली. तिच्या आजीनं तो घेतला असता का, हे मी विचारलं नाही. पण तिच्या फॉर्मात एक रकाना होता, ‘कुटुंबप्रमुखाचे व्यसन’. बाबा दारू प्यायचे. ‘होय’वर खूण झाली. बाबाची गिरणी बंद पडली त्याला रकाना नव्हता. देणी बुडाली त्याला नव्हता. चाळिशीतल्या माणसानं सायकलरिक्षा ओढायला घेतली, त्यालाही नव्हता. म्हणजे फॉर्मावर आमच्या घराची कहाणी अशी झाली की बाप दारुडा म्हणून घर गरीब. उलटं कोणी लिहिलंच नाही.

दुसऱ्याच्या दुःखाला नाव देण्याचा हक्क कोणाचा? हा माझा पहिला प्रश्न आहे, आणि तो माझ्या एकट्याचा नाही.

हा धंदा कुठून आला ते मी पाळीतून वेळ काढून वाचलं. १८६९ साली लंडनमध्ये दानधर्माची शिस्त लावणारी एक सोसायटी निघाली. गरिबाच्या घरी जायचं, चौकशी करायची, मदतीला लायक कोण आणि नालायक कोण ते ठरवायचं. पुढं अमेरिकेत मेरी रिचमंड बाईंनी १९१७ साली त्या चौकशीचं शास्त्र करून मोठं पुस्तक लिहिलं. डॉक्टर रोग शोधतो तसं समाजकार्यकर्त्यानं माणसाच्या अडचणीचं निदान करावं. ‘केस’ हा शब्द तिथून आपल्या वस्तीत आला. दुसरी वाट होती ती वस्तीत राहायला जाणाऱ्यांची. लंडनचा टॉयनबी हॉल १८८४ चा, शिकागोचं जेन ॲडम्स बाईंचं हल हाऊस १८८९ चं. त्यांचं म्हणणं, आधी गरिबांचे शेजारी व्हा.

आपल्याकडे ही दुसरी वाट क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं आणली. मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत त्यानं घर मांडलं आणि १९३६ साली तिथंच टाटांच्या पैशावर देशातली समाजकार्याची पहिली शाळा निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आमच्या नागपुरात मातृसेवा संघानं १९५८ साली असं शिक्षण सुरू केलं. नागपूरचा संबंध त्याहून जुना आहे. १८७७ साली इथं सुरू झालेली एम्प्रेस मिलही टाटांचीच, आणि तिच्या कामगारवस्त्यांतलं कल्याणकाम १९२० च्या दशकात वाय.एम.सी.ए.कडे सोपवलेलं होतं. म्हणजे नफा ज्या नावाचा, मलमपट्टीही त्याच नावाची. मलमपट्टी खोटी होती असं मी म्हणत नाही. जखम कशी झाली ते तिला विचारता येत नव्हतं, एवढंच म्हणतो.

ते विचारलं बाबासाहेबांनी. १९३२ साली पुणे करारानंतर अस्पृश्यतेविरुद्ध संघ निघाला, पुढं त्याचाच हरिजन सेवक संघ झाला. त्याचे सरचिटणीस ठक्कर यांना बाबासाहेबांनी विलायतेला जाताना नोव्हेंबरात बोटीवरून पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ माझ्या शब्दांत असा. माणूस खाली पडला आहे तो त्याच्या अवगुणांमुळे, असं धराल तर दारूबंदी, तालीम, वाचनालय हे करत बसाल. तो परिस्थितीमुळे पडला आहे असं धराल तर विहीर, शाळा, चावडी, गाडी यांच्यावरच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरावं लागेल. दुसरं खरं आहे, ते करा. आणि या कामाला माणसं आमच्यातली घ्या. भाडोत्री माणूस आणि प्रेमानं काम करणारा माणूस यांत फरक असतो. त्या पत्राची पोचसुद्धा आली नाही, असं बाबासाहेबांनी १९४५ सालच्या पुस्तकात नोंदवून ठेवलं आहे.

मायच्या पुढ्यात फॉर्म धरून बसलेल्या त्या पोरीला हे पत्र कोणी शिकवलं होतं की नाही, मला माहीत नाही. शिकवलं असतं तर ‘व्यसन’च्या शेजारी अजून एक रकाना तिनं स्वतःच आखला असता.

आता दुसरा प्रश्न, तो जास्त बोचतो. मी अर्ज आणला तेव्हा एक मित्र म्हणाला, “अबे, कविता लिहितं तू, अन् आता पगारी कळवळेवाला होतं? आपल्याच लोकायचं दुःख मोजून महिन्याचा पगार उचलशीन?” हा मित्र माझ्या शेजारच्या रिंग फ्रेमवर काम करतो. त्याचं बोलणं मी आठ तासांच्या पाळीत, मशीनच्या आवाजातसुद्धा ऐकतो. ते मला टाळता येत नाही.

त्याच्या डोळ्यांपुढं आमच्या गिरणीतले वेलफेअर ऑफिसर असणार. ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथं असा अधिकारी नेमला पाहिजे, असं १९४८ च्या कारखाने कायद्यात होतं. २०२० च्या संहितेनं तो आकडा २५० वर आणला. कायदा चांगला. पण त्याला नेमतो मालक, पगार देतो मालक. आमचे साहेब समाजकार्य शिकलेले, आपल्याच समाजातले. कार्डिंगमध्ये एकाची बोटं गेली तेव्हा ते दवाखान्यात सगळ्यांच्या आधी पोचले. हातात संत्री होती आणि एक कागदही होता. कामगारानं सुरक्षेचा नियम मोडला, असं त्यावर आधीच टाइप केलेलं होतं. बोटं नसलेल्या माणसाचा अंगठा त्यांनी घेतला. त्याच संध्याकाळी कँटीनच्या मागं ते एकटे रडताना मी पाहिले. ते रडणं खोटं नव्हतं. पण त्या कामगाराला भरपाई मिळताना अश्रू कामी आले नाहीत, कागद आडवा आला.

मग मित्राचं बरोबर का? पगार घेतला की कळवळा नासतो का?

इथं थोडं थांबून ‘सेवा’ हा शब्द उलटून पाहू. मनुस्मृतीनं शूद्राला एकच काम दिलं, वरच्यांची सेवा, तीही कुरकुर न करता. बाबासाहेबांनी ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं. आमच्या आज्यांनी गावाची बाळंतपणं केली, मेलेली ढोरं आजोबांनी ओढली. त्याला कोणी समाजसेवा म्हटलं नाही. तेच वरचा माणूस एक दिवस झाडू हातात घेतो तर फोटो निघतो. फुकट सेवेचं आम्हाला कौतुक सांगू नका. फुकट सेवा हीच तर आमची गुलामी होती. म्हणून कामाचा पगार मागणं हा कमीपणा नाही. तो माणूसपणाचा पहिला हप्ता आहे.

आजही पाहा. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडीची योजना सुरू झाली. वस्तीतल्या लेकरांची वजनं, पोषण, लस, गरोदर बायांच्या नोंदी हे सगळं जी करते तिचं नावच ‘सेविका’, आणि तिला मिळतं ते मानधन. मान आधी, धन थोडंसं. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडीच्या बाया संपावर बसल्या होत्या. ग्रॅच्युइटीचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला तो २०२२ साली, म्हणजे योजना सुरू होऊन ४६ वर्षांनी. सेवा म्हटलं की हक्क विसरायला लावता येतो, हे सरकारलाही ठाऊक आहे. तेव्हा मित्रा, पगार हा शब्द शिवीसारखा वापरू नकोस.

पण फक्त पगाराचं समर्थन करून मी सुटत नाही. मला शिकायचं का आहे, ते सांगायला पाहिजे. ते सांगताना माझीच चूक सांगावी लागते.

आमच्या गल्लीत एक मामा होते. नात्याचे नाही, वस्तीचे. क्षयरोग झाला. सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आलं, मामानं गोळ्या सोडल्या. मला ते ठाऊक होतं. मी रोज त्यांच्या दारावरून जात होतो. गोळ्या अर्ध्यात सोडल्या तर रोग औषधाला दाद देत नाही, हे मला माहीत नव्हतं. मला भाषण माहीत होतं. मी मामाले मोर्चाला नेलं, ट्रकमध्ये उभं केलं, घोषणा द्यायला लावल्या. मामा जोरात ओरडले, मला अभिमान वाटला. पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. मामी माझ्यावर रागावली नाही. “तुले काय मालूम होतं बेटा,” एवढंच म्हणाली. हे वाक्य मला शिवीपेक्षा जास्त लागलं. मालूम नव्हतं, हाच माझा गुन्हा. ज्याचं प्रेम आहे त्यानं माहीत करून घ्यायला नको का?

विनयपिटकात एक गोष्ट आहे. एक भिक्खू अतिसारानं आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे जात नाहीत, कारण तो त्यांच्या काही कामाचा नाही. बुद्ध आणि आनंद त्याला स्वतः धुतात, उचलून निजवतात. मग बुद्ध संघाला गोळा करून सांगतात की इथं तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना पाहिलं नाही तर कोण पाहील. इतकं लोकांना माहीत असतं. पण पुढं शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी काय पाहिजे तेही त्यांनी सांगितलं आहे. औषध तयार करता यावं, पथ्य काय अपथ्य काय ते कळावं, किळस वाटू नये. म्हणजे नुसती करुणा पुरत नाही, करुणेलाही शिकावं लागतं.

आणि शिकणं म्हणजे पदवीच, असंही नाही. जाईबाई चौधरी या आपल्या नागपूरच्या. हमाली करून डोक्यावरून ओझी वाहिली. एका मिशनरी बाईमुळे शिकल्या, मास्तरीण झाल्या. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्णांनी ओरड केली आणि ती नोकरी गेली. त्यांनी १९२२ साली नागपुरात संत चोखामेळा कन्याशाळा काढली. त्यांना कोणी केसवर्क शिकवलं नव्हतं. तरी आमच्या पोरींचं निदान त्यांनी बिनचूक केलं. पोरी मठ्ठ नाहीत, शाळेचं दार बंद आहे. दार बंद असेल तर दार करा. बोटीवरचं पत्र लिहिलं जायच्या दहा वर्षं आधी ते काम इथं सुरू झालं होतं.

मग पदवी कशाला? कारण दारं आता ऑफिसांत आहेत. जातीचा दाखला, पट्टा, रेशन, शिष्यवृत्ती, १९८९ च्या अत्याचारविरोधी कायद्याखालची फिर्याद, प्रत्येकाला टेबल आहे, आणि टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस कागदाचीच भाषा ऐकतो. दार आपोआप उघडं राहतं असंही नाही. २०१८ साली त्या टाटा संस्थेतच दलित-आदिवासी विद्यार्थ्यांची फीसवलत गेली म्हणून मुलांना संप करावा लागला. समाजकार्य शिकवणाऱ्या घरातच समाजकार्य करावं लागलं.

आता माझ्यापुरता निकाल. खरा प्रश्न पगार घ्यावा की नाही हा नाही. खरा प्रश्न, हिशेब कोणाला द्यायचा. वेलफेअर ऑफिसरनं पगार घेतला म्हणून तो चुकला नाही. ज्याची बोटं गेली त्याला कागद वाचून न दाखवता त्याचा अंगठा घेतला, तिथं तो चुकला. म्हणून मी एक कसोटी धरली आहे. कोणाबद्दल जे लिहीन ते आधी त्यालाच वाचून दाखवीन. त्यानं ‘असं नाही’ म्हटलं तर खोडीन. जे मला त्याच्या तोंडावर वाचता येत नाही ते मी लिहिणार नाही. नोकरी गेली तर धागा जोडायचं काम मला येतं.

यात मी टिकेन असं वचन देत नाही. साहेबही विशीत असताना असंच म्हणाले असतील. म्हणून हे छापून ठेवतो आहे. दहा वर्षांनी माझ्या हातात टाइप केलेला कागद दिसला, तर वाचकहो, हा अंक माझ्यापुढं आणून टाका.

काल रात्री अर्ज मायले वाचून दाखवला. कसोटीची सुरुवात घरूनच. ‘वडिलांचा व्यवसाय’ इथं मी ‘मजुरी’ लिहिलं होतं. माय म्हणाली, “मजुरी काहून? गिरणी कामगार लिही. गिरणी बंद पडली, तो नाही बंद पडला.” मी खोडलं आणि तसं लिहिलं.

दोन ओळींची जागा अजून रिकामी आहे. तिथं लिहीन, ‘मालूम करून घ्यायले.’

जयभीम.