नामकरण आणि दायित्व

भेद पाहिल्यावांचून ज्ञानाला आरंभ होत नाहीं, आणि नांव दिल्यावांचून तो भेद मनांत ठरत नाहीं. परंतु जो भेद आपण नांवानें पक्का करितों तो वस्तूंत मुळांतच असतो, कीं पाहणाराची बुद्धि तो आपल्या सोयीसाठीं कल्पिते, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. नैयायिकांच्या मतें जाति ही व्यक्तींहून भिन्न, तथापि सत्य आहे. बौद्ध तार्किक तिला केवळ कल्पना म्हणतात. हा वाद पंडितांच्या सभेंत शोभणारा, व्यवहाराशीं त्याचा संबंध काय, असें कोणास वाटेल. पण अशा वादावर एखाद्या प्राण्याचें जगणेंमरणें कसें अवलंबून राहतें, हें पाहावयाचें असेल तर चिपमंक नांवाच्या चिमुकल्या अमेरिकन प्राण्याचें उदाहरण घ्यावें.

चिपमंक दिसण्यांत आपल्या अंगणांतल्या खारीचा सख्खा भाऊच वाटतो. तीच लगबग, तसेच पाठीच्या लांबीनें गेलेले पट्टे. आपल्या खारीचे पट्टे प्रभु रामचंद्रांच्या बोटांनीं उमटले अशी कथा आहे; मग त्या दूरच्या प्राण्याच्या पाठीवरून कोणाचीं बोटें फिरलीं, असें एखादें मूल सहज विचारील. शास्त्राचें उत्तर असें कीं, हें साम्य नात्याचें नव्हे. बिळांत राहणारा व गालांतल्या पिशव्यांत दाणे भरून हिवाळ्याची बेगमी करणारा हा प्राणी आपल्या खारीपेक्षां लडाखांतल्या मार्मोटाला अधिक जवळचा आहे. यावरून केवळ डोळ्यांच्या साक्षीवर नातें ठरवितां येत नाहीं, हें उघड आहे.

चिपमंकांच्या सुमारें 25 जाति मानतात. त्यांपैकीं एक आशियांत, एक उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांत, आणि बाकीच्या बहुतेक त्या खंडाच्या पश्चिमेस राहतात. त्यांतल्या सर्वांत लहान जातीचें वर्णन जॉन बॅकमन यांनीं 1839 मध्यें केलें व तिला 'मिनिमस' म्हणजे 'सर्वांत लहान' असें नांव दिलें. ती देहानें लहान खरी, पण उत्तरेस युकॉनपासून दक्षिणेस न्यू मेक्सिकोपर्यंत आणि पूर्वेस क्वेबेकच्या पश्चिम भागापर्यंत ती पसरलेली आहे. अमेरिकेंतल्या दुसऱ्या कोणत्याहि चिपमंकाचा विस्तार एवढा नाहीं.

तिच्या गणाचें नांव मात्र स्थिर राहिलें नाहीं. इलिगर यांनीं 1811 मध्यें 'टॅमियास', म्हणजे कोठावळा, हें ग्रीक नांव योजिलें. ट्रुएसार यांनीं 1880 मध्यें 'युटॅमियास' व हॉवेल यांनीं 1929 मध्यें 'निओटॅमियास' हें नांव पुढें आणलें. पश्चिमेकडील चिपमंकांच्या वरच्या जबड्यांत दोन्ही बाजूंस एकेक बारीक दाढ अधिक असते. अशा खुणांना किती महत्त्व द्यावें याविषयीं मतें बदललीं, तसतशी ही जाति एका गणांतून दुसऱ्या गणांत गेली. चिपमंकाला या घडामोडींची वार्ताहि नाहीं.

याच जातीची एक शाखा न्यू मेक्सिकोच्या दक्षिण भागांतील सॅक्रामेंटो व व्हाइट या डोंगरांत आपल्या बांधवांपासून तुटून राहिली आहे. व्हर्नन बेली यांनीं 1913 मध्यें तिला निराळें नांव दिलें. आज ती पेन्यास्को चिपमंक या नांवाची उपजाति मानली जाते. सॅक्रामेंटो डोंगरांत तिला आधार देणारें जुन्या पाइन वृक्षांचें अरण्य तोडीनें विरळ झालें, आणि 1966 नंतर तेथें ती खात्रीनें आढळलेली नाहीं. व्हाइट डोंगरांच्या माथ्यावर मात्र कांहीं उरल्या आहेत. अमेरिकेच्या संघशासनानें डिसेंबर 2024 मध्यें नष्ट होऊं घातलेली म्हणून तिला कायद्याचें संरक्षण दिलें. ती वेगळी म्हणून ओळखली गेली नसती, तर विपुल जातीच्या गणतींत तिचें संकट बुडून गेलें असतें.

येथें विचारी मनुष्य शंका घेईल कीं, जी जाति अर्ध्या खंडावर नांदते तिची एका डोंगरावरची शाखा गेली तर कोणती हानि? शिवाय शास्त्रज्ञांचे भेद जर पुनःपुन्हां बदलतात, तर त्यांच्या आधारें लाकूडतोड्यांवर व गुराख्यांवर निर्बंध कां घालावे? ही शंका हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. निर्बंधाचा भार ज्याच्या पोटावर पडतो त्याला कारण विचारण्याचा अधिकार आहे.

परंतु तींत दोन गोष्टींची गल्लत होते. नांव बदलतें तें आपल्या वहींत; त्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या घडलेला वंश त्यानें बदलत नाहीं, आणि नष्ट झाल्यास कोणत्याहि नव्या नांवानें तो परत येत नाहीं. तेव्हां भेदाच्या रेषेविषयीं संशय असला तर तो जपण्याच्या बाजूस झुकविणें हेंच न्याय्य, कारण एका बाजूची चूक पुढें दुरुस्त होऊं शकते, दुसरीची होऊं शकत नाहीं. शेताचा बांध मनुष्यानेंच घातलेला असतो, जमिनीला तो ठाऊक नसतो. म्हणून कांहीं बांधाच्या आंतली मशागत मालकाला टाळतां येत नाहीं. उलट बांध त्यानें घातला, म्हणूनच ती त्याची.

तथापि नांवावर दायित्वाचा सारा भार टाकणेंहि बरें नव्हे. ज्यांना अद्याप कोणीं नांव दिलें नाहीं असे जीव अगणित आहेत, आणि ते आपल्या वहींत नाहींत एवढ्यावरून त्यांचें मोल कमी होत नाहीं. नांव हें आपलें लक्ष एका जागीं ठरविण्याचें साधन आहे. बारसें करणाऱ्या घरानें मूल वाढवावयाचेंहि असतें. केवळ नांव पुकारून पाळण्याकडे पाठ फिरविणाऱ्यांस आपण आईबाप म्हणत नाहीं. सृष्टींतल्या जीवांचीं बारशीं आपण मोठ्या हौसेनें केलीं आहेत. त्यांचें पुढचें करणें आपल्याकडेच आहे.