धूर आणि हुकूकुल इबाद

बिडी-सिगारेट हराम की मकरूह, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि तो बहुधा हाती पेटती बिडी धरूनच रंगतो. उलेमांमध्ये या प्रश्नी मतभेद आहेत, हे खरे. परंतु तो मतभेद ओढणाऱ्याच्या स्वतःच्या देहाविषयी व पैशाविषयी आहे. शेजारी बसलेल्याच्या छातीत शिरणाऱ्या धुराविषयी मतभेदाला जागा कोठे उरते? कोणालाही इजा पोहोचवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण फिक्हच्या पायाभूत नियमांपैकी एक आहे.

कच्चा कांदा किंवा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. कारण त्या वासाचा इतरांना त्रास होतो. वस्तू हलाल आणि त्रास केवळ वासाचा, तरीही ही ताकीद! आपण मात्र मिस्वाक करून, अत्तर लावून सफेत उभे राहतो आणि घरी परतताच पाळण्याशेजारी सिगारेट पेटवतो.

या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात. त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. लहान मुलांची श्वासनलिका अरुंद आणि श्वास जलद, म्हणून त्यांना तो अधिक बाधतो. दमा बळावतो; न्यूमोनिया, ब्राँकायटिस, कानाचे विकार वारंवार होतात. कधीही बिडी न ओढलेल्या पत्नीलाही फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. खिडकी उघडल्याने वा पंखा लावल्याने हा धोका टळत नाही. भारतातील २०१६-१७ च्या पाहणीनुसार ३८.७ टक्के प्रौढ घरातच परक्या धुराला सामोरे जात होते. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावर २ ऑक्टोबर २००८ पासून कडक बंदी आहे. पण हा कायदा घराचा उंबरठा ओलांडत नाही. तेथे तक्वाच हवा.

आता तौबेविषयी. गुनाह सोडणे, त्याची लाज वाटणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय, एवढ्याने अल्लाहच्या हक्कातील चूक माफ होण्याची आशा धरता येते. माणसाच्या हक्काचे तसे नाही. तेथे ज्याला इजा झाली त्याचीच माफी मागावी लागते. वाचकहो, पत्नीची माफी आज रात्रीही मागता येईल. वृद्ध आईचीही. सहा महिन्यांच्या बाळाकडे मात्र ती मागता येत नाही, आणि अजाण मुलाचा हक्क त्याच्या वतीने माफ करण्याचा अधिकार फिक्हने बापालाही दिलेला नाही.