आठवड्याचा एक दिवस

माणकोली, दापोडे, पूर्णा, वळ, काल्हेर. भिवंडी तालुक्याच्या या पट्ट्यात एकेकाळी भाताची खाचरं होती, आता पत्र्याचे गाळे रांगेनं उभे आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि महामार्गाच्या कडेला, म्हणून व्यापाऱ्यांनी इथं माल उतरवायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात संपली, पण गोदामं हलली नाहीत. ऑनलाइन खरेदीनं ती वाढलीच.

पहाटे उठा, मोबाइल बाजूला ठेवा, स्वतःसाठी वेळ काढा, कामाचा आणि घराचा तोल सांभाळा, असा सल्ला हल्ली जो तो देतो. सल्ला चुकीचा नाही. पण निवड प्रत्येकाच्या हातात आहे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. ते कितपत खरं आहे, हे वळसारख्या गावात उभं राहून तपासावं.

पॅकिंगच्या टेबलापाशी ठेकेदाराकडून आलेली एक मुलगी उभी असते. एका हातात स्कॅनर, दुसऱ्या हातात टेप. बारकोड वाजला की खोकं बंद, लेबल, पुढचं खोकं. ड्युटी सुटली की शेअर रिक्षा पकडून अंजूरफाटा, तिथून पुढं घर, घरी पोळ्या. दिवाळीच्या सेलमध्ये ड्युटी लांबते. सुट्टी घेतली तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हिनं चिकाटी धरावी असं सांगायला जाणाऱ्यानं आधी तिचे पाय बघावेत. चिकाटी तिच्याकडे आपल्यापेक्षा जास्तच आहे. तिला हवा आहे तो एक मोकळा दिवस, आणि तो तिच्या एकटीच्या निर्धारानं मिळणारा नाही.

हे आपल्याकडे एका माणसानं फार पूर्वी ओळखलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे. मांडवीच्या कापड गिरणीत ते स्टोअरकीपर होते, म्हणजे कोठारावरचाच माणूस. साच्यावरच्या कामगारापेक्षा त्यांची नोकरी बरी होती, स्वतःपुरता तोल साधून ते सुखानं राहू शकले असते. त्यांनी ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवलं आणि १८८४ साली परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या किती साध्या होत्या पाहा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार वेळेवर. मालक बधले नाहीत. लोखंडे सहा वर्षं मागे लागून राहिले. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत हजारो कामगार जमले, दोन कामगार स्त्रियांनीही त्या सभेत भाषणं केली, आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. आपण ज्या रविवारी तोल सांभाळायचं ठरवतो, तो रविवार असा मिळालेला आहे. म्हणून समतोल हा केवळ ज्याच्या-त्याच्या स्वभावाचा भाग आहे, हे मला पटत नाही.

आता वळला परत येऊ. तिथल्या भूमिपुत्रांपुढची निवड त्या पॅकिंगवरच्या मुलीपेक्षा वेगळी आहे. ज्यानं जमीन विकली, त्याचा निर्णय एकदाच झाला. ज्यानं गाळा बांधून भाड्यानं दिला, त्याच्याकडे निवड शिल्लक राहते, कारण करारनामा दर काही वर्षांनी पुन्हा समोर येतो. आजोबांनी चिखलात लावणी केली, वडिलांनी गाळा बांधला, आता मुलाच्या हाती भाडं आहे आणि वेळही आहे. असा वेळ मोठी दौलत असते. तो हळदी-लग्नांच्या खर्चात आणि गाड्यांमध्ये जाऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं.

लोखंडेंनी मागितलेली सुट्टी आज कायद्यातही आहे: महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ प्रमाणे ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्यावी लागते. गाळेमालक तरुणांना माझी विनंती आहे: पुढच्या करारनाम्याच्या वेळी भाड्याच्या आकड्याबरोबर भाडेकरूला एवढंही विचारा, की तुमच्या ठेकेदाराची माणसं आठवड्याची सुट्टी घेतात का, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, बसायला स्टूल आहे का. आणि घरबसल्या मागवणाऱ्या आपण सर्वांनी, पार्सल उद्याऐवजी परवा आलं तर चालेल, असं मनापासून म्हणायला लागावं.