कडेचा तुकडा



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६

हा श्लोक आपल्यातल्या बहुतेकांना पाठ असतो. पान, फूल, फळ, पाणी, जो जे काही भक्तीने देतो ते मी खातो, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. शाळेपासून म्हणत आलेय मी हा श्लोक. पण तो खऱ्या अर्थाने लागला गेल्या रविवारी, स्वयंपाकघरात, मध्येच खाली बसलेल्या एका केकसमोर.

झालं असं. आजीला पंचाहत्तर पूर्ण झाली. ठाण्याहून, नाशिकहून सगळे जमणार होते. फॅमिली ग्रुपवर मीच आधी मोठ्या तोऱ्यात लिहिलं, "केक मी घरी करणार. बिनअंड्याचा." बिनअंड्याचा का, तर आजीकडे कुठलाही पदार्थ आधी बाळकृष्णासमोर जातो आणि मग आपल्या ताटात येतो.

रवा, दही, साखर, तूप, सगळं मोजून घेतलं. सोडा घातला, आणि नेमका तेव्हाच सजावटीबद्दल बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. अर्धा तास गप्पा झाल्या. दही आणि सोडा एकत्र आले की लगेच बुडबुडे धरायला लागतात, त्या भरातच मिश्रण गरम ओव्हनमध्ये जायला हवं, हे मला माहीत होतं. तरी भांडं ओट्यावर तसंच राहिलं. पुढे केक थोडा फुगला, तेव्हा स्टोरी टाकायला म्हणून मी ओव्हनचं दार उघडलं. एकदा नाही, दोनदा. आतली गरम हवा बाहेर, फोटो फोनमध्ये, आणि केक मधोमध खड्डा पडून खाली. कडा छान बदामी झालेल्या, मध्ये मात्र सुरी घातली तर ओलीच्या ओली बाहेर.

पाहुणे यायला दोन तास होते. मी रडले. मग तो केक झाकून ओव्हनमध्येच लपवला आणि फोनवरून दुसरा मागवला. गुळगुळीत क्रीम, वर फुलं. अगदी फोटोत शोभेल असा.

संध्याकाळी आजीने सहज विचारलं, "अंडं नाही ना गं यात?"

"नाही आजी," मी म्हणाले. किती पटकन म्हणाले!

खरं म्हणजे ऑर्डर देताना मी ते बघितलंच नव्हतं. आजी नैवेद्याची वाटी घ्यायला वळली तशी मी खोक्याकडे नजर टाकली. शाकाहारी पदार्थावर असते ती हिरवी खूण त्यावर नव्हती. बाहेर सगळे हसत होते, कोणीतरी मेणबत्त्या लावत होतं. गप्प राहिले असते तर कोणालाच कळलं नसतं. पण आजी तो तुकडा माझ्या शब्दावर देवापुढे ठेवणार होती.

तिला आत ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. आजी क्षणभर काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "केक बिघडतो, त्याचं काय एवढं. पण मी विचारलं तेव्हा नाही म्हणालीस, ते लागलं मला."

एवढंच. मग तिने ओव्हन उघडायला लावला, माझ्या केकच्या कडेचा चांगला भाजलेला तुकडा कापला, त्यावर तुळशीचं पान ठेवलं आणि भोवती पाणी फिरवून नैवेद्य दाखवला. मधला कच्चा भाग कढईत काढला आणि तूप-दूध घालून शिऱ्यासारखा परतला. सोड्याची किंचित चव येत होती, पण कढई रिकामी झाली. मागवलेला केक मुलांनी कापला. आजीने तो घेतला नाही.

रात्री हाच श्लोक पुन्हा उघडला. पान, फूल, फळ, पाणी. यातली एकही गोष्ट आपण बनवत नाही! यांना रेसिपी नाही, यात आपलं कौशल्य दाखवायला जागाच नाही. जणू भगवंतांनी मुद्दाम अशी यादी केली, की देणाऱ्याकडे मिरवायला काही उरू नये, फक्त भाव उरावा. म्हणून श्लोक लहान असला तरी भक्तीचा उल्लेख त्यात दोनदा येतो. ज्ञानेश्वर माउली तर याच्याही पुढे जातात. त्यांचे भगवंत म्हणतात, फुलाचा खरं तर वास घ्यायचा असतो, पण भक्ताने दिलं की मी ते तोंडातच घालतो. प्रेमापुढे देवालाही पद्धत आठवत नाही.

मग देवाला काहीही चालतं का? नाही. श्लोकाच्या शेवटी एक शब्द आहे, 'प्रयतात्मनः'. म्हणजे ज्याचं मन शुद्ध आहे, आवरलेलं आहे, त्याचं. मंडळी, अट आहेच, पण ती पदार्थावर नाही, देणाऱ्यावर आहे. माझा बसलेला केक त्या अटीत बसत होता. सुंदर केक आणि त्यासोबतचं ते "नाही आजी" बसत नव्हतं.

आणि एक गोष्ट अजून टोचतेय. ओव्हनचं दार मी फोटोसाठी उघडलं आणि खोटं बोलले तेही लाज राखण्यासाठी. दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांसमोर बघणारे लोक होते. जिच्यासाठी केक होता ती आजी नव्हती, आणि ज्याला आधी दाखवायचा तो बाळकृष्णही नव्हता. नैवेद्य आधी चाखायचा नाही असं घरोघरी सांगतात. मला वाटतं, त्यातही हेच शिक्षण असावं. कसा झालाय हे ठरवायचा पहिला मान आपला नाही.

दुसऱ्या दिवशी आजीला फोन करून पुन्हा माफी मागितली. ती म्हणाली, "पुढच्या एकादशीनंतर ये, परत करू. फोन मात्र बाहेरच्या खोलीत ठेवायचा."

आजचा छोटासा नेम : आज घरात कोणासाठी काही कराल, चहा का असेना, तेव्हा त्याचा फोटो काढू नका. आधी मनातल्या मनात देवाला दाखवा, मग द्या. बिघडलं तर बिघडलं असं सरळ सांगा.

देवा, माझ्या हातून कधी खड्डा पडेल, कधी करपेल. ते तू सांभाळून घेशील. ते झाकायला मी खोटं बोलणार नाही, एवढं बळ मात्र दे.

रामकृष्ण हरी!