सोबत कोणी जावे?

बेळगाव-निपाणीकडचा तरुण अमेरिकेस नोकरीला निघाला, की शिक्षिका असलेली पत्नी राजीनामा देते. एच-४ व्हिसावर तिला तेथे शिकता येते. नोकरीची परवानगी मात्र २०१५ पासून काहींनाच मिळते. हा त्याग नेहमी तिनेच का करावा?

१८८० साली गोपाळराव जोशी यांनी, पूर्वी कोल्हापुरात मिशनरी असलेल्या वाइल्डरसाहेबांना पत्र लिहिले. स्वतःस नोकरी व पत्नी आनंदीबाईंस वैद्यकीय शिक्षण, ही त्यांची विनंती. नोकरी जमली नाही. तरी १८८३ मध्ये आनंदीबाई पुढे गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. गोपाळराव मागाहून गेले.

बंधुभगिनींनो, तिकिटे काढण्यापूर्वी पतीने विचारावे, "तेथे तुझ्या शिकवण्याचे काय?" उत्तर नसेल, तर थांबण्याची तयारी त्याचीही हवी.