दहा दिवस पाणी कोणी मारायचं होतं?

जामीनदार म्हणून माझी सही हवी आहे तुला? आणि कर्ज कशासाठी, तर घरात मोरबीची चकचकीत टाइल बसवायची म्हणून. सही मिळणार नाही. उलट चार गोष्टी ऐकून जाव्या लागतील. उभ्यानं ऐक, म्हणजे डोक्यात शिरतील.

परवा तुझ्या घरकुलात येऊन गेलो. वर पीओपीचं छत, त्यात निळे दिवे, भिंतीवर हा एवढा टीव्ही. आणि खाली उघडं काँक्रीट. दारापासून खुर्चीपर्यंत अनवाणी गेलो तर तळवे करडे झाले. तुझं लेकरू त्याच जमिनीवर रांगत होतं आणि तोच हात तोंडात घालत होतं. सूनबाई दिवसातून तीनदा झाडते आणि तिन्ही वेळा सुपलीभर भुकटी निघते. तू मात्र वर बघून मला दिव्यांचे रंग बदलून दाखवत होतास. नजर जाते तिथे पैसा ओतायचा आणि पाय पडतो तिथे हात आखडायचा, हे शहाणपण कुठल्या इयत्तेत शिकवलं मी?

म्हणे, "सर, सिमेंटच खराब निघालं." सिमेंटला बोल लावू नकोस. काँक्रीट कोणत्या महिन्यात ओतलंस? एप्रिलात. दोंडाईच्याच्या उन्हात पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी ठणठणीत. माल सरसर पसरावा म्हणून मिस्त्रीनं मिक्सरमध्ये पाणी जास्त घातलं, तू बघत उभा राहिलास. ते जादा पाणी वर आलं, सोबत बारीक भुकटी घेऊन आलं आणि वरचा पापुद्रा कच्चा राहिला. पाणी आटेना म्हणून त्यानं वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं आणि घाईघाईनं गुरमाळा फिरवला. मग तू दोन संध्याकाळ पाइप धरलास आणि सुरतेच्या गाडीत बसून लग्नाला निघून गेलास. काँक्रीटचं भारतीय मानक आहे, आयएस ४५६. त्यात स्वच्छ लिहिलंय की साध्या सिमेंटचं काँक्रीट निदान सात दिवस सतत ओलं राहिलं पाहिजे, आणि हवा उष्ण-कोरडी असेल तर निदान दहा. आपल्या हवेला यातलं कोणतं कलम लागू, हे सांगायला इंजिनिअर लागतो का? मिरचीच्या बाजाराचं गाव हे, इथे बारदानाला तोटा? चार गोण्या स्वच्छ धुऊन, भिजवून अंथरल्या असत्यास तर आज ही सही मागायची वेळ आली नसती. नीट धुऊन म्हणतोय, नाहीतर घरभर शिंकत बसाल!

आता म्हणतोस, हे सगळं टाइलखाली झाकून टाकू. आजार कोणता ते न बघता औषध घेणाऱ्याला मी शहाणा म्हणत नाही. आधी तीन परीक्षा घे, तिन्ही फुकट आहेत. एक, लोखंडी खिळ्यानं जमिनीवर ओरखडा काढ. सहज खोल गेला, तर वरचा थर कच्चा. दोन, दीड फुटाचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेव, चारी कडा चिकटपट्टीनं बंद कर, रात्रभर राहू दे. सकाळी आतून थेंब दिसले किंवा खालची जमीन काळपट झाली, तर ओल खालून येते आहे. तीन, हातोडीच्या दांड्यानं जागोजागी ठोकून बघ. पोकळ आवाज आला की तिथला थर सुटलेला समज.

भेगांचंही कारण ऐक. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पायाच्या आत ही माती काढून मुरमाचा भराव करायचा, पाणी मारून थराथरानं ठोकायचा, मग सोलिंग. तुझ्याकडे एका दिवसात ट्रॉली रिकामी झाली आणि दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडलं. भेग पावसाळ्यात मिटत आणि उन्हाळ्यात उघडत असेल तर ती वर्षभर बघ, खडूनं टोकं आखून ठेव. हलणाऱ्या भेगेवर महागडी टाइल लावलीस, तर टाइलही त्याच रेषेत फुटेल आणि हप्ते तेवढे शाबूत राहतील.

आता स्वस्त उपाय. जमीन कोरडी आहे, ठोकल्यावर घट्ट वाजते आणि फक्त भुकटी निघते, तर सोडियम सिलिकेट आण. साबणाच्या धंद्यात वापरतात ते घट्ट, काचेसारखं द्रावण. एका भागाला तीन-चार भाग पाणी घालून, धुऊन वाळवलेल्या जमिनीवर ब्रशनं मार. एक दिवस सोडून दुसरा हात, मग तिसरा. शेवटी वर राहिलेलं पाण्यानं धुऊन टाक. काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी त्याची क्रिया होते, छिद्रं भरतात, वरचा थर कठीण होतो. रसायनशास्त्र सुटलं तेव्हा सुटलं, पण इथे चूक करू नकोस. हे अल्कधर्मी आहे, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालायचा. आणि खिडकीच्या काचेवर उडालं तर तिथल्या तिथे पूस, वाळलं की निघत नाही. तेलकट डाग असतील तर आधी धुण्याच्या सोड्यानं घासून काढ, तेलावर ते धरत नाही.

थरच कच्चा असेल तर सिलिकेट काही चमत्कार करणार नाही. मग कोबा नव्यानं कर. जुना थर टाचे मारून खरवड, भुकटी झाडून धू, ओला कर, सिमेंटची पातळ स्लरी फिरव आणि ती ओली असतानाच एकास दोन-चार प्रमाणाचा माल दीड इंच जाड टाक. चार-चार फुटांचे चौकोन पाड, मध्ये काचेच्या पट्ट्या घाल, म्हणजे आकुंचन पावताना भेग तुझ्या सोयीच्या जागी पडेल. तीनशे चौरस फुटांना सिमेंटच्या सातेक गोण्या लागतात, हिशेब स्वतः करून बघ. रंग हवा तर वरच्या हातात लाल ऑक्साईड घाल, पण सिमेंटच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या पुढे जाऊ नकोस, नाहीतर ताकद जाते. पाणी सुकून चमक गेली की घोटाई, आणि त्यानंतर दहा दिवस... काय? मोठ्यानं सांग. शिवाय दीड इंचानं जमीन उंच होईल, तेव्हा दाराची फळी खालून कापावी लागेल, हे आधी मोज.

फरशीच हवी तर शहाबादी घे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा दगड आपल्या आजोबांच्या वाड्यांत पडला आहे, अजून झिजून संपलेला नाही. त्याहून स्वस्त हवं तर टाइलच्या दुकानांमागे फुटके तुकडे पडलेले असतात. मसाल्यावर जोडून बसव, सांधे पांढऱ्या सिमेंटनं भर. रोलमधलं व्हिनाइल अंथरायला माझी हरकत नाही, पण प्लास्टिकची परीक्षा पास झाली तरच. ओलीवर अंथरलंस तर खाली बुरशी पोसशील.

आणि ज्या गोष्टी तू नक्की करणार, त्या आधीच बंद. उरलेला ऑइलपेंट जमिनीला फासू नकोस. सिमेंटमधला चुना आणि पेंटातलं तेल मिळून साबण होतो आणि पोपडे निघतात. घासून स्वच्छ होईल म्हणून ॲसिड ओतू नकोस, ते सिमेंटच खातं. भुकटीवर पाव इंचाचा सिमेंटचा लेप लावू नकोस, पहिल्या उन्हाळ्यात तो पापडासारखा उचलेल. आणि कोरडं घासाई मशीन घरात फिरवायचं नाही, पाणी सोडूनच घासायचं. आपल्या पाटीवरच्या पेन्सिली मंदसौरला बनत. तो दगड कापताना उडणाऱ्या धुळीनं तिथल्या कामगारांना सिलिकोसिस झाला. वाळूच्या काँक्रीटमध्येही तोच सिलिका आहे आणि तुझ्या घरात तान्हं मूल आहे.

"पाहुण्यांसमोर लाज वाटते" हे कारण मला सांगू नकोस. मेक्सिकोत कोआविला राज्यानं २००० साली गरिबांच्या मातीच्या जमिनींवर सरकारी खर्चानं सिमेंट घालायची योजना चालवली. टाइल नाही, पॉलिश नाही, नुसतं सिमेंट. अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरातली सगळी मातीची जमीन झाकली गेली, तिथे लहान मुलांतले जंत ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी झाला, असा त्यांचा हिशेब आहे. साधी, घट्ट, धुता येणारी जमीन एवढं करते. तुझ्याकडे ती निम्मी तयार आहे आणि तू तिचीच लाज धरतोस! लाज आळसाची धर. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडत. खान्देशात शिकलेल्या माणसाला घरात वाकायला कमीपणा वाटावा?

तेव्हा ऐक. कर्जाचा कागद माझ्याकडेच राहील. उद्या तिन्ही परीक्षा घे आणि निकाल वहीत लिहून आण, खोलीवार, तारखेसह. कोबा निघालाच तर सारंगखेड्याची यात्रा सुरू व्हायच्या आत टाकायचा, थंडीत पाणी टिकतं. त्या दहा दिवसांत ना सुरत, ना लग्न, ना सूनबाईच्या हातात पाइप. पाणी तू मारायचं, सकाळ-दुपार-संध्याकाळ, आणि मी वाटेल तेव्हा येऊन गोणपाटाखाली हात घालून बघणार. हात कोरडा निघाला, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. आता नीघ, खिळा आणि हातोडी शोध.